एका उन्हाळ्याची मोजणी : तलावांचे पुनरुज्जीवन आणि विद्यार्थी संशोधक

बिघडलेला तलाव सुधारतो आहे की नाही, हे काठावर उभे राहून सांगता येत नाही. जलपर्णी काढली, काठाला दगडी बांध घातला, मध्यभागी कारंजे बसवले की तलाव देखणा होतो. पाण्याचे दुखणे मात्र तसेच राहू शकते. उलट, खरोखर सुधारू लागलेला तलाव पहिली काही वर्षे हिरवाच दिसत राहू शकतो. निवाडा करायचा तर पाण्याची पारदर्शकता, फॉस्फरस, विरघळलेला ऑक्सिजन, शैवाल आणि पाण्यातले सूक्ष्म प्राणी यांची मोजणी त्याच जागी, त्याच पद्धतीने, वर्षानुवर्षे करावी लागते. जगात अनेक ठिकाणी या मोजणीतला मोठा वाटा पदवीचे शिक्षण घेणारे विद्यार्थी उचलतात, आणि तोही बहुधा उन्हाळ्याच्या सुट्टीत.

या व्यवस्थेचे स्वरूप साधारण सगळीकडे सारखे असते. विद्यार्थी आठ ते बारा आठवडे एखाद्या संशोधन गटात राहतो, त्याला विद्यावेतन मिळते, मार्गदर्शक ठरलेला असतो, आणि शेवटी एक अहवाल किंवा भाषण द्यावे लागते. अमेरिकेत नॅशनल सायन्स फाउंडेशनची पदवी विद्यार्थ्यांसाठीची अशी योजना १९८७ पासून चालू आहे. ती तिथल्या नागरिकांसाठी आणि कायम रहिवाशांसाठी आहे. भारतात बंगळुरूची भारतीय विज्ञान अकादमी, दिल्लीची भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी आणि प्रयागराजची राष्ट्रीय विज्ञान अकादमी या तिन्ही संस्था मिळून उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देतात. तिचा काळ साधारण दोन महिन्यांचा असतो आणि विद्यार्थ्यांबरोबर शिक्षकांनाही अर्ज करता येतो.

थंड प्रदेशात उन्हाळाच का निवडला जातो, याचे कारण सुट्टीपेक्षा पाण्यात अधिक आहे. उत्तरेकडची तळी हिवाळ्यात गोठलेली असतात. बर्फ वितळल्यावर सूर्य वरचे पाणी तापवू लागतो. पाणी ४ अंश सेल्सिअसला सर्वांत जड असते. त्याहून गरम झालेले पाणी हलके होऊन वर तरंगते आणि थंड पाणी तळाशी अडकून राहते. दोहोंच्या मध्ये एक पातळ थर तयार होतो, तिथे एकेका मीटरला तापमान झपाट्याने उतरते. हा थर एकदा बसला की तळाच्या पाण्याचा हवेशी संबंध तुटतो. वर ऊन आणि पोषकद्रव्ये मिळून शैवाल वाढते. मेलेले शैवाल खाली पडते. ते कुजताना तळाचा ऑक्सिजन संपतो. जुलै-ऑगस्टमध्ये हे सगळे शिगेला पोचते. म्हणजे तळ्याचा आजार ज्या दिवसांत सर्वांत स्पष्ट दिसतो, नेमके त्याच दिवसांत विद्यार्थी मोकळे असतात.

विद्यार्थ्यांच्या मोजणीचे मोल समजून घ्यायला सिएटलच्या लेक वॉशिंग्टनइतके चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. सुमारे ८८ चौरस किलोमीटर पसरलेले आणि ६५ मीटर खोल असे हे सरोवर शहराच्या पूर्वेला आहे. १९४१ नंतर काठावरच्या उपनगरांनी एकामागून एक दहाच्या आसपास सांडपाणी प्रक्रिया केंद्रे उभारली आणि प्रक्रिया केलेले पाणी सरोवरात सोडले. त्या प्रक्रियेने घाण वास आणि कुजणारे पदार्थ जात होते. फॉस्फरस मात्र बहुतांश तसाच पुढे जात होता. ही गोष्ट आजही आपल्याकडे पुरेशी लक्षात घेतली जात नाही. नेहमीच्या पद्धतीचे प्रक्रिया केंद्र उभे राहिले म्हणजे फॉस्फरसचा प्रश्न सुटला, असे होत नाही. त्यासाठी वेगळा टप्पा जोडावा लागतो.

जून १९५५ मध्ये वॉशिंग्टन विद्यापीठाच्या संशोधकांना सरोवरात ऑसिलेटोरिया रुबेसेन्स हा लालसर तंतूंचा नील-हरित जीवाणू सापडला. स्वित्झर्लंडच्या झुरिच सरोवरात हाच जीवाणू एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस दिसला होता आणि त्यानंतर ते सरोवर बिघडत गेले होते, हे प्राध्यापक डब्ल्यू. टी. एडमंडसन यांना ठाऊक होते. पण एका जीवाणूच्या बळावर शहराला कोट्यवधी डॉलर खर्च करायला सांगता येत नाही. पूर्वी पाणी कसे होते आणि आता कसे आहे, हे दाखवावे लागते. ते दाखवता आले, कारण १९३३ मध्ये व्हिक्टर शेफर आणि आर. जे. रॉबिन्सन यांनी या सरोवराची पद्धतशीर मोजणी केली होती, आणि १९५० मध्ये गॅब्रिएल कोमिटा व जॉर्ज अँडरसन या एडमंडसनांच्या दोन विद्यार्थ्यांनी ती पुन्हा केली होती. दोघेही आपापल्या प्रबंधांसाठी प्लवकांचा अभ्यास करत होते. पुढे कधी सरोवर वाचवण्यासाठी आपली आकडेवारी पुरावा ठरेल, असा त्यांचा हेतू नव्हता. तरीही १९५५ मध्ये तुलनेसाठी तीच हाताशी होती.

फॉस्फरस थांबवला तर सरोवर निवळेल, असे भाकीत एडमंडसनांनी मांडले आणि जेम्स एलिस या वकिलाच्या पुढाकाराने सांडपाण्याची एकत्रित व्यवस्था उभारण्याची चळवळ झाली. मार्च १९५८ च्या मतदानात प्रस्ताव पडला, त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये सुधारित स्वरूपात मंजूर झाला. १९६३ ते १९६८ या काळात सांडपाणी टप्प्याटप्प्याने सरोवराबाहेर वळवले गेले. सर्वांत वाईट दिवसांत, १९६४ च्या सुमारास, पारदर्शकता मोजण्यासाठी पाण्यात सोडलेली पांढरी तबकडी जेमतेम ७५ सेंटिमीटरपर्यंत दिसत असे. फॉस्फरस थांबल्यावर पाणी भाकिताप्रमाणे निवळत गेले. सरोवर खोल होते आणि नद्यांमुळे त्यातले पाणी दोन-तीन वर्षांत बदलत होते, म्हणून सुधारणा लवकर झाली. सगळ्याच तळ्यांना इतके चांगले नशीब मिळत नाही.

गोष्ट तिथे संपली नाही. १९७६ पासून पाणी अचानक आणखी स्वच्छ झाले, मोजणी सुरू झाल्यापासून कधी नव्हते इतके. सांडपाण्यात तेव्हा काहीच नवा बदल झालेला नव्हता. नमुन्यांमध्ये डाफ्निया या सूक्ष्म कवचधारी प्राण्याची संख्या एकाएकी वाढलेली दिसली. डाफ्निया पाणी गाळून शैवाल खातो. तो आधी का नव्हता, याची दोन कारणे एडमंडसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे मांडली: त्याला खाणारी निओमायसिस ही छोटी कोळंबीसारखी जात घटली होती, आणि त्याच्या खाण्याच्या अवयवांत अडकणारे ऑसिलेटोरियाचे लांब तंतूही नाहीसे झाले होते. हे उलगडले ते केवळ प्लवकांचे नमुने दरवर्षी नेमाने घेतले जात होते म्हणून. फक्त फॉस्फरस मोजला असता तर १९७६ चा बदल कोडेच राहिला असता.

१९५० मध्ये या सरोवराचे नमुने घेणारे कोमिटा पुढे नॉर्थ डकोटात प्राध्यापक झाले. तिथे अभियांत्रिकी भौतिकी शिकणाऱ्या एका तरुणाने सुट्टीत त्यांच्या प्रयोगशाळेत हंगामी काम धरले. त्याचे नाव डेव्हिड शिंडलर. कोमिटांच्या प्रयोगशाळेतल्या त्या कामाने आणि तिथे वाचायला मिळालेल्या परिसंस्थाविज्ञानाच्या पुस्तकांनी त्याचा मार्गच बदलला. अभियांत्रिकी सोडून तो जीवशास्त्राकडे वळला, ऑक्सफर्डला ऱ्होड्स शिष्यवृत्तीवर गेला, आणि १९६८ मध्ये कॅनडात सुरू झालेल्या एका विलक्षण प्रकल्पाची धुरा त्याच्याकडे आली. १९९१ मध्ये स्टॉकहोम जल पुरस्कार सुरू झाला, तेव्हा पहिला मान शिंडलर यांनाच मिळाला. उन्हाळी प्रशिक्षणातून काय साधते असे विचारले जाते, त्याला यापेक्षा नेमके उत्तर नसेल.

कॅनडाचा हा प्रकल्प म्हणजे एक्स्पेरिमेंटल लेक्स एरिया. ओंटारिओ प्रांताच्या वायव्य भागात, केनोरा गावापासून काही अंतरावर, निर्मनुष्य जंगलातली ५८ छोटी तळी केवळ संशोधनासाठी राखून ठेवण्यात आली. त्या काळात ईरी सरोवर शैवालाने हिरवे पडत होते आणि दोष कशाचा यावर वाद पेटला होता. कपडे धुण्याच्या पावडरींमध्ये फॉस्फेट भरपूर असे. साबण उद्योगाच्या बाजूने कार्बनकडे बोट दाखवले जाई. बाटलीतल्या प्रयोगांनी वाद मिटेना, कारण बाटलीत हवेतला कार्बन डायऑक्साइड पुरेसा शिरत नाही. तेव्हा अख्खे तळेच प्रयोगाला घेण्यात आले. १९६९ पासून २२७ क्रमांकाच्या तळ्यात नायट्रोजन आणि फॉस्फरस टाकण्यात आले. या तळ्यात कार्बन अत्यंत कमी होता, तरी ते हिरवेगार झाले. लागणारा कार्बन त्याने हवेतून घेतला.

१९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या तळ्यावर निर्णायक प्रयोग झाला. दोन भागांना जोडणाऱ्या त्याच्या अरुंद गळ्यात प्लास्टिकचा मजबूत पडदा तळापर्यंत बांधला गेला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्या भागात त्याबरोबर फॉस्फरसही. काही आठवड्यांत फॉस्फरसचा भाग हिरवा झाला आणि शेजारचा निळा-काळा राहिला. विमानातून घेतलेला त्याचा फोटो सरोवरविज्ञानातला कदाचित सर्वाधिक छापला गेलेला फोटो असेल. धोरणकर्त्यांना पन्नास कोष्टके दाखवून जे पटले नसते ते त्या एका चित्राने पटले. पुनरुज्जीवनाच्या दृष्टीने मात्र ३०४ क्रमांकाचे तळे अधिक महत्त्वाचे आहे, आणि त्याची चर्चा फार कमी होते. तिथे आधी तिन्ही पोषकद्रव्ये टाकून शैवाल वाढवले, नंतर फक्त फॉस्फरस थांबवला. नायट्रोजन आणि कार्बन चालूच होते, तरी तळे सावरले. एकाच गोष्टीचा पुरवठा तोडला तरी तळे परत येऊ शकते, हे त्यातून दिसले.

तळे २२७ मध्ये पोषकद्रव्य टाकणे त्यानंतर पन्नासहून अधिक वर्षे चालू राहिले. १९९० पासून त्यात फक्त फॉस्फरस टाकला जातो. नायट्रोजन हवेतून पकडणारे जीवाणू उरलेली गरज काही प्रमाणात भरून काढतात. २०१२ मध्ये कॅनडाच्या केंद्र सरकारने या केंद्राचा निधी थांबवण्याचे ठरवले, तेव्हा जगभरच्या शास्त्रज्ञांनी विरोध केला आणि २०१४ मध्ये एका स्वतंत्र संस्थेने ते चालवायला घेतले. विरोधाचा मुख्य मुद्दा इमारती किंवा उपकरणे हा नव्हता. एकदा खंडित झालेली नोंद पैसे टाकून परत मिळत नाही, हा होता.

आता प्रत्यक्ष काम. उन्हाळी विद्यार्थ्याच्या हातात पहिल्या दिवशी बहुधा सेक्की तबकडी येते. इटालियन खगोलशास्त्रज्ञ आंजेलो सेक्की यांनी १८६५ मध्ये भूमध्य समुद्रात पोपच्या जहाजावरून पांढरी तबकडी सोडून पाण्याची पारदर्शकता मोजली. सरोवरांवर आज वापरली जाणारी तबकडी २० सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चार पाकळ्यांची असते. ती खुणा केलेल्या दोरीने होडीच्या सावलीतल्या बाजूने खाली सोडतात. दिसेनाशी होते ती खोली आणि वर ओढताना पुन्हा दिसते ती खोली, या दोहोंची सरासरी नोंदवतात. साधन इतके साधे आहे की त्याकडे दुर्लक्ष होते. पण वीज, बॅटरी, रसायने यांवाचून दीडशे वर्षे तुलना करता येईल असा आकडा देणारे दुसरे साधन या क्षेत्रात नाही.

या आकड्याचे पुढे काय करायचे, ते रॉबर्ट कार्लसन यांनी १९७७ मध्ये सुचवले. त्यांच्या निर्देशांकात तबकडी ४ मीटरपर्यंत दिसली तर ४०, २ मीटरपर्यंत दिसली तर ५० आणि १ मीटरपर्यंत दिसली तर ६० गुण येतात. दिसण्याची खोली निम्मी झाली की निर्देशांक १० ने चढतो. पन्नाशीच्या वर गेलेले तळे सुपोषित, म्हणजे पोषकद्रव्ये अति झालेले, मानले जाते. लेक वॉशिंग्टनचा १९६४ चा निर्देशांक या हिशोबाने ६४ येतो. फॉस्फरस आणि हरितद्रव्य यांवरूनही हाच निर्देशांक काढता येतो. तिन्ही उत्तरे जुळली तर ठीक. जुळली नाहीत तर ती अधिक बोलकी ठरतात. पारदर्शकता कमी पण हरितद्रव्यही कमी, असे आले तर पाणी शैवालाने नव्हे तर मातीने गढूळ आहे, आणि उपाय काठावरच्या झिजेवर शोधायला हवा.

हरितद्रव्यासाठी मोजलेले पाणी काचतंतूंच्या गाळणीतून ओढतात, गाळणी अंधारात गोठवून ठेवतात आणि नंतर अ‍ॅसिटोनमध्ये हरितद्रव्य विरघळवून त्यातून किती प्रकाश शोषला जातो ते पाहतात. फॉस्फरसच्या मापनात नमुना आधी तीव्र ऑक्सिडकाने उकळून सगळ्या रूपांतला फॉस्फरस मोकळा करतात. मग मोलिब्डेटच्या क्रियेने येणाऱ्या निळ्या रंगाची तीव्रता मोजतात. तलावात फॉस्फरस लिटरमागे मायक्रोग्रॅममध्ये असतो, त्यामुळे बाटली फॉस्फेटयुक्त साबणाने धुतली, की सगळा दिवस वाया जातो. बाटल्या आम्लाने धुवाव्या लागतात. प्रत्येक फेरीबरोबर शुद्ध पाण्याचा एक नमुना नमुन्यासारखाच हाताळून तपासावा लागतो, म्हणजे प्रयोगशाळेतूनच किती फॉस्फरस शिरला ते कळते. विद्यार्थ्यांना हे काम सुरुवातीला कंटाळवाणे वाटते. त्या कोऱ्या नमुन्याचा आकडा नसलेली नोंद पुढच्या काळात कोणी वापरत नाही, हे मार्गदर्शकाने पहिल्याच आठवड्यात सांगायला हवे.

ऑक्सिजन पृष्ठभागापासून तळापर्यंत दर मीटरला मोजतात. पूर्वी लायोश विंकलर या हंगेरियन रसायनशास्त्रज्ञाच्या १८८८ च्या पद्धतीने अनुमापन करत. आता संवेदक खाली सोडला की आकडा दिसतो. तरीही अधूनमधून विंकलरच्या पद्धतीने पडताळा घेणे शहाणपणाचे असते. प्राणिप्लवकांसाठी बारीक जाळी तळाजवळून सरळ वर ओढतात. डाफ्नियासारखे प्राणी दिवसा माशांपासून बचावासाठी खोल पाण्यात राहतात आणि रात्री वर येतात, म्हणून नमुन्याची वेळ लिहिणे तारखेइतकेच महत्त्वाचे.

तळाचा गाळ हा स्वतंत्र विषय आहे, आणि पुनरुज्जीवनातली सर्वांत जास्त निराशा इथेच दडलेली असते. स्वीडनच्या व्हेक्शो शहराजवळच्या ट्रुमेन तळ्यात सोडले जाणारे सांडपाणी १९५८ मध्ये थांबवले गेले. दहा वर्षांनंतरही तळे तसेच घाण होते. आधीच्या दशकांत साठलेला फॉस्फरस गाळात होता. तळाशी ऑक्सिजन असताना तो लोहाशी बांधलेला राहतो. ऑक्सिजन संपला की लोहाचे रूप बदलते आणि फॉस्फरस पुन्हा पाण्यात सुटतो. ब्रिटिश शास्त्रज्ञ क्लिफर्ड मॉर्टिमर यांनी ही क्रिया १९४१-४२ मध्येच इंग्लंडच्या सरोवर-प्रदेशात दाखवून दिली होती. १९७० आणि १९७१ मध्ये लुंड विद्यापीठाच्या स्वेन ब्यर्क यांच्या देखरेखीखाली ट्रुमेनचा वरचा पोषकद्रव्यांनी भरलेला गाळ शोषून काढला गेला, तेव्हा तळे सुधारले. गाळाचा थर किती काढायचा हे तिथे आधी मोजून ठरवले होते. आपल्याकडे गाळ काढण्याचे काम बहुधा साठवणक्षमता वाढवण्यासाठी होते, आणि फॉस्फरस नेमका कोणत्या थरात आहे हा प्रश्न निविदेत येतच नाही.

म्हणूनच गाळ हा उन्हाळी विद्यार्थ्यासाठी उत्तम विषय आहे. पारदर्शक नळीने तळाचा गाळ त्याच्या थरांसकट वर काढायचा, वर तळ्याचेच पाणी ठेवायचे, काही नळ्यांत हवा सोडत राहायची आणि काहींत ऑक्सिजन संपू द्यायचा. दोन-तीन आठवडे दर काही दिवसांनी वरच्या पाण्यातला फॉस्फरस मोजला की एका चौरस मीटर तळातून दिवसाला किती फॉस्फरस सुटतो, याचा अंदाज मिळतो. इतक्या काळात हे काम पूर्ण होते आणि त्यातून निघालेला आकडा पालिकेला थेट उपयोगी पडतो.

येणाऱ्या नाल्याचा हिशोबही तसाच. समजा, एका नाल्यातून सेकंदाला १० लिटर पाणी येते आणि त्यात लिटरमागे २ मिलिग्रॅम फॉस्फरस आहे. दिवसाला १.७ किलोपेक्षा थोडा अधिक फॉस्फरस तलावात पडला. तलावात १० लाख घनमीटर पाणी असेल आणि काहीच तळाशी बसले नाही, तर रोज लिटरमागे पावणेदोन मायक्रोग्रॅमची भर पडते. वीस दिवसांत ३५ मायक्रोग्रॅम. आर्थिक सहकार्य व विकास संघटनेच्या १९८२ च्या वर्गीकरणानुसार ३५ च्या वर सरोवर सुपोषित धरले जाते. इतका लहान नाला वीस दिवसांत एवढे करू शकतो, हे कळल्यावर कारंज्याची निविदा आणि नाला वळवण्याची निविदा यांतली कोणती आधी काढावी, यावर फार वाद उरत नाही.

‘अमुक तलावाचे पुनरुज्जीवन यशस्वी झाले का’ हा मात्र उन्हाळी प्रकल्पाचा प्रश्न नव्हे. एका ऋतूत पाऊस कमी झाला, वारा अधिक वाहिला, मासे अधिक सोडले गेले, तरी आकडे बदलतात. दोन महिन्यांच्या नोंदीवरून यशापयशाचा निकाल देणारा अहवाल तलावाचेही नुकसान करतो आणि विद्यार्थ्याचेही. चांगला मार्गदर्शक प्रश्न लहान करून देतो.

महाराष्ट्रातले तलाव उत्तरेकडच्या सरोवरांपेक्षा फार वेगळे आहेत आणि तिकडचा आराखडा इथे जसाच्या तसा चालत नाही. आपले बरेचसे शहरी तलाव उथळ आहेत. वाऱ्याने तळापर्यंत ढवळले जातात, त्यामुळे महिनोन्‌महिने टिकणारे थर त्यांत क्वचितच बनतात. इथला ऑक्सिजनचा चढउतार ऋतूपेक्षा दिवसाचा असतो. दाट शैवालाच्या तलावात दुपारी तीनला ऑक्सिजन भरपूर असतो आणि पहाटे जवळजवळ संपतो. मासे मरतात ते म्हणूनच पहाटे. सकाळी अकराला जाऊन नमुना घेणाऱ्या विद्यार्थ्याला यातले काहीच दिसत नाही. इथे चोवीस तासांची एक सलग नोंद दहा सकाळच्या नमुन्यांपेक्षा अधिक सांगते.

दुसरा फरक हंगामाचा. एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वांत कमी असते, बाष्पीभवनाने पोषकद्रव्यांची तीव्रता वाढते. जूनमध्ये पहिल्या सरी रस्ते, गटारे आणि उघडी जमीन धुऊन वर्षातला मोठा भार काही दिवसांत तलावात आणतात. मेअखेर संपणारे उन्हाळी प्रशिक्षण हा सर्वांत महत्त्वाचा प्रसंग गाठतच नाही. इथल्या तलावांवरचा प्रकल्प मेच्या मध्यापासून जुलैच्या मध्यापर्यंत ठेवणे अधिक योग्य, म्हणजे पावसाआधीचे आणि पहिल्या पावसानंतरचे, असे दोन्ही प्रकारचे पाणी हाती लागते.

कामाची जागा नाल्याच्या मुखाशी असेल तर सुरक्षेचे नियम कडक हवेत. जीवरक्षक जाकीट, हातमोजे, कधीही एकट्याने पाण्यात न जाणे, पायाला जखम असताना सांडपाण्यात न उतरणे, या गोष्टींवर तडजोड नको. लेप्टोस्पायरोसिसचा धोका पावसाळ्याच्या तोंडाशी वाढतो. दाट नील-हरित थरांत मायक्रोसिस्टिनसारखी यकृताला घातक विषे असू शकतात. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआरची जागतिक आरोग्य संघटनेची दीर्घकालीन मर्यादा लिटरमागे फक्त १ मायक्रोग्रॅम आहे.

केंद्र सरकारची राष्ट्रीय सरोवर संवर्धन योजना २००१ मध्ये सुरू झाली आणि २०१३ मध्ये पाणथळ जागांच्या योजनेबरोबर एकत्र केली गेली. तिच्यातून मुंबईचा पवई, कोल्हापूरचा रंकाळा, सोलापूरचा सिद्धेश्वर तलाव आणि ठाण्यातले तलाव यांवर कामे घेतली गेली. कामावर खर्च होतो. नंतरच्या दहा वर्षांच्या मोजणीसाठी तरतूद सहसा नसते. ही उणीव महाविद्यालये भरून काढू शकतात. यांतल्या प्रत्येक शहरात विज्ञान शाखेची महाविद्यालये आहेत, काही तर तलावापासून चालत जाण्याच्या अंतरावर.

तिथल्या प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र आणि रसायनशास्त्र विभागांनी येत्या उन्हाळ्यापासून एवढे करावे: तलावातली तीन ठिकाणे कायमची ठरवावीत, त्यांचे अक्षांश-रेखांश लिहून ठेवावेत, दर पंधरवड्याला सेक्कीची खोली, पहाटेचा आणि दुपारचा ऑक्सिजन आणि एकूण फॉस्फरस मोजावा, तारीख, वेळ, हवामान आणि पद्धत यांसह तक्ता ग्रंथालयात सर्वांना खुला ठेवावा, आणि पुढच्या वर्षीच्या विद्यार्थ्याच्या हाती तो पहिल्याच दिवशी द्यावा.